‘बरोबर’ म्हणजे नेमकं काय?



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. भाषणाची सवय नाही, म्हणून आज फक्त एका चिन्हाबद्दल बोलणार आहे. पहिलीत शिकलेलं चिन्ह, दोन आडव्या रेघा: =. आपण त्याला ‘बरोबर’ म्हणतो. दोन अधिक दोन बरोबर चार.

‘बरोबर’ हा शब्द फारसीतून आला. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती लागून, म्हणजे एका पातळीवर. मराठीत त्याचे तीन अर्थ रुळले. ‘समान’ हा एक. ‘तुझं बरोबर आहे’ यातला ‘योग्य’ हा दुसरा. ‘माझ्याबरोबर चल’ यातला ‘सोबत’ हा तिसरा. हे तीन अर्थ लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

चिन्ह मात्र फार जुनं नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मींनी बीजगणितावर पुस्तक लिहिलं. ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्याच पुस्तकाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला. हे व्हॉट्सॲपवर आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. पण त्या पुस्तकात समीकरणाचं एकही चिन्ह नाही, सगळं शब्दांत आहे. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्य समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडत. पंधराव्या शतकात अंदलूसमधल्या अल-कलसादींनी बरोबरसाठी ‘लाम’ हे अक्षर वापरलं. आणि १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून दोन समांतर रेघा ओढल्या. त्याचं म्हणणं असं, की यापेक्षा जास्त समान दुसऱ्या कुठल्या दोन गोष्टी असणार?

मग कॉम्प्युटर आला. तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताय त्यांना पहिल्याच आठवड्यात हा धक्का बसला असेल: क्ष = क्ष + १. गणिताच्या सरांनी हे पाहिलं तर छडी घेतील. पण सी भाषेत = म्हणजे विधान नाही, हुकूम आहे. ‘क्षमध्ये एक मिळव आणि ते क्षमध्येच ठेव.’ दोन गोष्टी समान आहेत का, हे विचारायचं असेल तर ते चिन्ह दोनदा लिहावं लागतं: ==. एकदा लिहिलं तर हुकूम, दोनदा लिहिलं तर प्रश्न.

या एका चिन्हाने काय होऊ शकतं? नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या कोडच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. लिनक्समध्ये ज्याचा क्रमांक शून्य, तो त्या मशीनचा मालक. वरवर वाचलं तर त्या ओळी विचारत होत्या, ‘तुझा क्रमांक शून्य आहे का?’ पण == ऐवजी = लिहिलं होतं. म्हणजे प्रश्न नव्हताच. ‘तुझा क्रमांक शून्य कर’ असा हुकूम होता. हा बदल मूळ कोडच्या नोंदीत नव्हता, म्हणून वेळीच पकडला गेला.

हे वाचल्यापासून मला असे प्रश्न सगळीकडे दिसतात. भाड्याने घर शोधायला गेलो, एजंटने विचारलं, ‘नाव काय?’ दिसायला प्रश्न. पण नाव सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला, आणि खोली ‘कालच गेली’ होती. त्याला माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं नव्हतं, माझी किंमत भरून टाकायची होती. आणि आपल्या घरात? ‘मुलगी एवढं शिकून काय करणार?’ हाही प्रश्न नाही. उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दोन कागदांवरची नावं जुळवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मी सरळ == टाकलं. अक्षर न अक्षर जुळलं तर पास, नाहीतर नापास. चाचण्या पास झाल्या, मी निवांत घरी गेलो.

काही महिन्यांनी अम्मीला एका कामासाठी कागद द्यायचे होते. शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे ‘बी’, रेशनकार्डावर ‘बेगम’, आधारवर नुसतंच नाव. आडनावाचं तर विचारूच नका. ‘शेख’ इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘सिस्टिम घेत नाही.’ बाहेर आल्यावर अम्मीने विचारलं, ‘ही सिस्टिम म्हणजे कोण रे?’ मी गप्प बसलो. तिथला प्रोग्राम माझा नव्हता, पण माझा तसाच होता.

तंत्र नाही म्हणून असं होतं का? नाही. उच्चारावरून नावं जुळवायच्या साउंडेक्स पद्धतीचं पेटंट १९१८चं आहे. ‘जवळपास सारखं’ म्हणजे किती, हे ठरवायच्या पद्धती त्यानंतर कितीतरी निघाल्या. कुठली वापरायची आणि न जुळणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं, हे कोणीतरी ठरवतं. मी माझ्या प्रोग्राममध्ये बदल केला: नाव थोडं वेगळं असेल तर थेट नापास नाही, ते माणसाकडे तपासायला जातं. काम थोडं वाढलं, एवढंच.

आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ला आली, तेव्हा सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले. त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. नावाच्या स्पेलिंगमधला, वयातला फरक अनेकांना भोवला. २०२५पासून मतदार याद्यांच्या विशेष फेरतपासणीतही जुन्या यादीशी नाव जुळवणं आलंच. यादी तपासूच नये असं मी म्हणत नाही. तपासणी म्हणजे प्रश्न. मग प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकून घेतलं पाहिजे.

तेव्हा दोन कामं करा. घरातल्या सगळ्यांचे, विशेषतः आई-आजीचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि फरक असेल तर गरज पडायच्या आधी दुरुस्त करून घ्या. शेजारच्या घरी कोणाला वाचता येत नसेल, तर त्यांच्याबरोबर जा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी ‘सिस्टिम’ लिहायला बसलं, तर न जुळणाऱ्या माणसासाठी एक दरवाजा ठेवा.

समान, योग्य, सोबत. मशीनला यातला पहिलाच अर्थ कळतो. राहिलेले दोन आपल्याकडे आहेत.

प्रश्न असतील तर विचारा, मी उत्तर आधी ठरवून आलेलो नाही.