खर्ड्याचा रफार

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, “तू कॉम्प्युटरमधली. इंटरनेटवर काय काय भारी सापडतं ते दहा मिनिटांत सांग.” मला ही खोड आहेच. काही चांगलं दिसलं की एका फाइलमध्ये टिपून ठेवते. वीस वर्षांत ती फाइल अवाढव्य झाली आहे. आज त्यातलं फक्त खर्ड्याचं सांगते, नाहीतर जेवणं थंड होतील.

आपण दहावी झालो त्याच १९९६ साली अमेरिकेत ब्रूस्टर केल नावाच्या माणसानं ‘इंटरनेट आर्काइव्ह’ सुरू केलं. आधी इंटरनेटवरची पानं जपून ठेवायला, पुढे जुनी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांना फुकट वाचायला द्यायला. आपण तेव्हा कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रात बघत होतो! तिथं मी आपल्या गावाचं नाव इंग्रजीत टाकून शोधलं. फारसं काही हाती लागलं नाही. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. मग एकदा ग्रँट डफचा १८२६ सालचा मराठ्यांचा इतिहास चाळताना लक्षात आलं, की साहेबानं आपल्या गावाला ‘कुर्डला’ करून टाकलंय. ते स्पेलिंग टाकलं आणि पुस्तकांची रांगच लागली. ११ मार्च १७९५ची लढाई, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालची मराठी फौज, निजामानं घाबरून आपल्या किल्ल्यात घेतलेला आसरा. याच किल्ल्यात आपण सहलीचे डबे खाल्ले आणि भिंतींवर नावं लिहिली. (लिहिणारे आज पहिल्या रांगेत बसलेत. मी नावं घेत नाही.)

दुसरी गोष्ट शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातली. इंग्रजांच्या काळातलं ‘इंपीरियल गॅझेटियर’ त्यांनी पानापानानं इंटरनेटवर ठेवलंय. त्यात आपलं खर्डं आहे. पाचशेहून जास्त व्यापारी, दुकानदार आणि सावकार असलेलं गाव. मंगळवारचा गुरांचा बाजार जिल्ह्यात सगळ्यात मोठा. हेच आजोबा सांगायचे तेव्हा आम्ही “पुरे आता” म्हणायचो. छापील इंग्रजीत दिसल्यावर मात्र मी ऑफिसात चार जणांना दाखवलं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. आपल्या गावाच्या नावात रफार आहे. ‘खर्डा’ म्हणताना र आधी येतो, मग डा. पण लिहिल्यावर रफार दिसतो शेवटी, डोक्यावर. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी साठवायचे: ख, ड, काना, रफार. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे साठवतात: ख, पाय मोडलेला र, ड, काना. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उचलून मागे न्यायचं राहिलं, की ‘मार्च’चा ‘माचर्’ होतो, ‘वर्ग’चा ‘वगर्’ आणि खर्ड्याचा ‘खडार्’. खोटं वाटत असेल तर मोबाइलवर ‘माचर्’ शोधा. अशी कितीतरी पानं मिळतील. ‘मार्च’ शोधणाऱ्याला ती कधी सापडणार?

हे सगळं मी शिकले ते आपल्या मराठीच्या सरांच्या लेखापायी. शाळेच्या जुन्या स्मरणिकेत सरांनी आवारातल्या लिंबांवर लिहिलं होतं. ७२च्या दुष्काळात ती रोपं जगवायला कोणती मुलं विहिरीवरून पाणी आणायची, त्यांची नावं त्यात होती. आमच्या घरची प्रत पावसात भिजली आणि नेमका त्या पानाचा खालचा अर्धा भाग गेला. सर तर आता नाहीत. छापखान्यातली एक सीडी एका मैत्रिणीकडे निघाली. उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठीचा पत्ता नाही. तो जुना फॉन्ट होता. दोन रविवार बसून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फेरीत सरांचा लेख आला तो असा: “आमच्या खडार् गावात...” एवढी वर्षं ‘खरात’ला ‘खर्त’ लिहिलं म्हणून छडी देणारे सर, आणि त्यांच्याच लेखात मी हे केलं! रफार हलवले, वेलांट्या हलवल्या. मग लेख वाचता यायला लागला, आणि वाचताना माझ्या कानात सरांचाच आवाज होता.

पण एक ठिकाण अडलंय. काही जोडाक्षरांसाठी छापखान्यानं वेगळाच फॉन्ट वापरला होता. तो मला कुठं मिळाला नाही आणि छापखानाही बंद झालाय. त्यामुळे पाणी आणणाऱ्या सात मुलांपैकी सहा नावं नीट लागली. सातवी मुलगी आहे. तिचं आडनाव ‘कर’वर संपतं आणि त्याआधीच्या जोडाक्षराच्या जागी नुसता चौकोन आहे. सरांनी लिहिलंय, की ती सगळ्यांत लहान होती आणि घागर डोक्यावर न घेता कमरेवर आणायची.

आज इथं १९७२च्या आसपासचे आठ-दहा जण आलेत. या स्मरणिकेत सरांचा तो लेख पुन्हा छापायचा आहे, या वेळी युनिकोडमध्ये. मजकूर परवा छपाईला जातोय. ती मुलगी कोण होती हे कुणाला आठवत असेल तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. मी हिरव्या साडीत आहे.