मनाची शांती आणि रोजचं वागणं

(दहावी 'ब' तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



भाषणासाठी फोन आला तेव्हा मला वाटलं, कॉम्प्युटरवर बोलायला सांगतील. आता नोकऱ्या राहतील का, मुलांना कुठली ब्रँच घ्यायला लावावी, वगैरे. पण उत्तर मिळालं, "ते आम्ही यूट्यूबवर आयकतो वं. तू येवढी शांत कशी रायते, ते सांग." हे मी घरी नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ हसत होता. त्यामुळे जे सांगते ते थोडं जपूनच ऐका.

आमचं घर ख्रिस्ती, हे तुम्हाला माहीत आहे. नाताळात माझ्या डब्यातल्या करंज्या पहिल्या तासालाच संपायच्या, त्यामुळे कोणी विसरलंही नसेल. अकोल्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अलायन्स मिशनची माणसं आली. पुढे 1899-1900 चा मोठा दुष्काळ वऱ्हाडावर आला आणि त्या सुमारास माझे पणजोबा मिशनच्या आसऱ्याला आले, असं घरात सांगतात. म्हणजे आमच्याकडे विश्वास आला तो भाकरीच्या पाठोपाठ. काही लोक हे टोमणा म्हणून बोलतात. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. भुकेल्याला आधी जेवू घालावं, हे येशूनेही केलंच होतं.

माझी आजी अमरावती जिल्ह्यातली. अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात ती जखमा धुवायचं आणि पट्ट्या बांधायचं काम करायची. त्या काळी महारोग्याच्या सावलीलाही माणसं घाबरत. आजी संध्याकाळी घरी यायची, आंघोळ करायची आणि चुलीपुढे बसून 'उपासना संगीत'मधलं एखादं गीत म्हणायची. ती फार शिकलेली नव्हती. मनःशांती हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण तिच्याजवळ बसलं की माझ्यासारख्या चुळबुळ्या पोरीलाही झोप यायची.

आजी गाडगेबाबांचं नाव फार आदराने घ्यायची, हे मुद्दाम सांगते. शेंडगावचा हा माणूस हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत फिरला आणि 1956 साली अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ गेला. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, तेही कुष्ठरोग्यांसाठीच. आजी म्हणायची, "देवाचं काम करणारा कोणाचा हाय, हे देव पाह्यते, आपण नाही." मी माझ्या प्रभूविषयी बोलणार आहे, पण चांगुलपणाची जहागीर आमच्या एकट्यांच्या नावावर आहे, असं समजून नव्हे.

आता पपा. ते अकोला डेपोत एसटी कंडक्टर होते. तुमच्यापैकी मूर्तिजापूरकडून येणाऱ्यांनी त्यांच्या हातून तिकीट घेतलेलं असणार. तिकिटांचा ट्रे, पंच आणि खांद्याला चामड्याची बॅग. रात्री ड्यूटी संपली की हिशोब. पैसे कमी भरले तर स्वतःच्या खिशातून भरायचे, हे सगळेच करतात, करावंच लागतं. पण जास्त भरले तर? एखादा प्रवासी सुटे न घेताच उतरून गेलेला असायचा. पपा तेही जमा करायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, "दोन रुपयांनी एसटी श्रीमंत होणार हाय का?" पपा म्हणाले, "नाही. पण मले झोप येते."

माझ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मनाला तेव्हा हे भाबडं वाटायचं.

पुढे बडनेऱ्याला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. एका कंपनीत (नाव सांगत नाही) मी टेस्टिंगची टीम सांभाळत होते. सॉफ्टवेअर दवाखान्यांत वापरलं जाणार होतं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती वाजता द्यायचं, हे नर्सला पडद्यावर दिसणार होतं. डिलिव्हरीची तारीख जवळ आली आणि शेकडो टेस्ट चालवायच्याच राहिल्या होत्या. मला सांगण्यात आलं, रिपोर्टवर 'पास' लिहून सही कर, टेस्ट मागाहून चालवू. मी सही केली नाही. आरडाओरडा झाला नाही, सिनेमासारखं काही घडलं नाही. एका सोमवारी माझं नाव प्रोजेक्टवरून काढलेलं दिसलं. मग आठ महिने बेंचवर. आमच्या धंद्यात बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि कॅन्टीनमध्ये लोक आपल्या टेबलाशी बसायला कचरतात. त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. घराचा हप्ता चालूच होता.

त्या आठ महिन्यांत मला झोप यायची. पपांचं वाक्य तेव्हा कळलं.

पण एवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सही न करणं एका दिवसाचं काम होतं. नंतरची भीती रोज यायची. त्या दिवसांत मी पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र वाचायचे. ते त्याने कैदेतून लिहिलं आहे, हे लक्षात ठेवलं की वाचायची पद्धतच बदलते. चौथ्या अध्यायात तो सांगतो, चिंता करू नका, मागणं देवापुढे मांडा, मग बुद्धीला न कळणारी शांती तुमच्या मनावर पहारा देईल. आणि लगेच पुढे, जे खरं, जे न्यायाचं, जे शुद्ध, त्यावर मन लावा आणि तसं वागा. शांती आणि वागणूक, दोन्ही एका दमात. इंजिनिअरच्या डोक्याला हे पटतं. खोट्या रिपोर्टवर 'पास' लिहायचा आणि संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना करायची, हे एकाच माणसात फार दिवस चालत नाही. उलट, चांगलं वागलं की शांती आपोआप पिकते असंही नाही. पुष्कळ सज्जन माणसं रात्रभर कूस बदलत पडलेली मी पाहिली आहेत.

यासाठी मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. त्यांच्याइतकं शिकलेलं, त्यांच्याइतकं सोसलेलं माणूस विरळा. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, मग भाऊ, मग नवरा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, सगळं मिळालं. पण त्या स्वतःच नंतर लिहितात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. शांती त्यानंतर आली. आणि ती आल्यावर रमाबाई डोळे मिटून बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलींना केडगावला आणलं, जेवू घातलं, शिकवलं. ज्या दुष्काळाने त्यांचं घर नेलं, त्याच्याच तोंडात त्या पुन्हा गेल्या. मला शांत माणूस म्हटलं की त्या आठवतात.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या ग्रुपवर एकाने मला विचारलं होतं, "प्रार्थनेनं कापसाले भाव येते का?" त्याने चेष्टेने विचारलं नव्हतं. त्याच्या घरी काय झालं ते इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून मी नाव घेत नाही. मी त्याला लिहिलं, नाही येत. कर्ज फिटत नाही, पाऊसही वेळेवर येत नाही. ज्याच्या दारात बँकेची नोटीस आहे त्याला मनःशांतीवर प्रवचन देणं मला जमणार नाही, आणि ते कोणी देऊही नये. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका अशा घरी जातात तेव्हा काही बोलत नाहीत. पिठाचा डबा भरून ठेवतात आणि बसून राहतात. मला वाटतं, माझ्या आजीच्या पट्ट्या आणि यांचं बसणं एकाच जातीचं आहे.

मी परवा दुपारच्या गाडीपर्यंत अकोल्यातच आहे. त्या मित्राकडे उद्या सकाळी जाणार आहे. दोघंतिघं येणार असाल तर नऊ वाजता शाळेच्या फाटकापाशी भेटा, माझ्या गाडीत जागा आहे.