देवाचा दरबार

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव लागते. १८९३ च्या सुमारास तेथे नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने ‘नवा करार’ भेट दिला. त्या पुस्तकाचे टिळकांना विशेष आकर्षण वाटले नाही. परंतु ते वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता. तो पाळता पाळता ते गिरिप्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळून राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याचे मोल जबर होते. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. पुढे अहमदनगरास अध्यापन, उपदेश आणि काव्यरचना यांत त्यांची वर्षे गेली. १९१७ साली मिशनची वेतनी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारेच शिष्य तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, हा त्यांचा हेतू होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबाराचा आधारच गेला.

आज ख्रिस्ती तरुणांची शिबिरे भरतात. प्रार्थना, गायन, श्रमदान यांचा क्रम आखला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु शिबिराचे दिवस संपतात आणि शील त्यानंतरच कसाला लागते. कोणी पाहत नसतानाही दिलेला शब्द पाळणे हा त्याचा पहिला धडा, आणि हाती असलेली सुरक्षितता सोडता येणे हा कठीण धडा. हे दोन्ही ज्याने गिरविले, त्यालाच इतरांना आपल्यामागे येण्यास सांगण्याचा अधिकार पोचतो.