नाताळच्या आधीचा शनिवार-रविवार

मैत्रिणींनो, आमच्या कॉयरमधल्या बाईचा नाताळच्या आधीचा शनिवार-रविवार कसा जातो, ते सांगते. शनिवारी तारापूर एमआयडीसीतली सकाळची पाळी संपवायची, घरचं आवरून बोईसरला गाडी पकडायची आणि सातच्या सरावाला पालघर गाठायचं. रात्री परतल्यावर कुलकुलांचं पीठ मळायचं. रविवारी सकाळी मिस्सा, दुपारी तळण, संध्याकाळी घरोघर नाताळगीतं. आवाज बसतो तो गाण्यानं नव्हे, तळणाच्या धुरानं!

१९०३ साली पोप दहावे पायस यांनी फर्मावलं होतं की, चर्चमधलं गायन ही उपासनेतली सेवा आहे, बायकांना तिचा अधिकार नाही. वरच्या पट्टीसाठी मुलगे घ्या. १९५५ साली बाराव्या पायसनी ती बंदी सैल केली. आज आमच्यातल्या बायका उठून गेल्या तर मागे पेटी, तबला आणि चार पुरुष उरतील.

तरी सरावाची वेळ पुरुषांच्याच सोयीची. सात वाजता घरोघरी कुकर लागतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. यंदा आम्ही पाचजणींनी साडेपाचची वेळ मागितली आहे. अजून उत्तर नाही. पण येत्या शनिवारी आम्ही साडेपाचलाच सुरू करणार. पेटीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.