केसांस ऊब आणि ओलावा

नरकचतुर्दशीची पहाट महाराष्ट्रांत अभ्यंगस्नानानें उजाडते. तेल कोमट करावयाचें, तें डोक्यास व अंगास चोळावयाचें, कांहीं वेळ तसेंच मुरूं द्यावयाचें, आणि मग उटणें लावून ऊन पाण्यानें न्हावयाचें, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुंबईच्या चाळींतून तांब्याचा बंब पेटे आणि घंगाळ ऊन पाण्यानें भरे, तेव्हां हाच क्रम होता. आज अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, बंबाची जागा गीझरनें घेतली आहे. तरी सणाच्या दिवशीं क्रम तोच आहे. ऊब, स्निग्धता आणि ओलावा या तिन्ही गोष्टी त्यांत एकत्र येतात.

उपनगरांतील केशप्रसाधनगृहांत हीच क्रिया ‘हेअर स्पा’ या नांवानें केली जाते आणि तिच्यासाठीं बरेच पैसे मोजावे लागतात. मोजणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते कीं, या वाफेनें बिघडलेला केस दुरुस्त होईल. ही समजूत कितपत खरी आहे, आणि जें खरोखर साधतें तें घरच्या घरीं साधतां येईल काय, याचा विचार करण्याजोगा आहे.

प्रथम केस म्हणजे काय तें पाहूं. केसाचें मूळ त्वचेच्या आंत असतें, तेवढेंच जिवंत. त्वचेबाहेर जो तंतु दिसतो, तो निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना वेदना होत नाहीं. हा तंतु केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्यावर अतिशय पातळ खवल्यांचे थर असतात. कोंकणांतील घरावर जशीं कौलें एकावर एक चढवून बसवितात, तसे हे खवले मुळाकडून टोंकाकडे एकमेकांवर बसलेले असतात. कौलें नीट बसलेलीं असलीं म्हणजे घर कोरडें राहतें. तीं सरकलीं कीं गळती लागते. केसाचेंही तसेंच आहे. खवले सपाट बसलेले असले म्हणजे केस चकाकतो व फणी सुरळीत फिरते. ते उचकटले कीं केस राठ होतो, गुंततो आणि शेवटीं टोंकास दुभंगतो.

केस महिन्यास सुमारें एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. यावरून हिशेब केला तर कमरेपर्यंत पोंचलेल्या केसाचें टोंक पांच वर्षांचें जुनें ठरतें. त्यानें पांच पावसाळे आणि पांच उन्हाळे सोसलेले असतात. लोकलच्या दारांतील वारा, धूळ, घाम आणि रोजची फणी हीं निराळींच. जिवंत कातडीला जखम झाली तर ती भरून येते, पण निर्जीव तंतूची झीज भरून येत नाहीं. म्हणून केस दुरुस्त करण्याची भाषा मुळांतच चुकीची आहे. केस राखतां येतो, आणि राखण्याच्या कामीं ऊब व ओलावा यांचा उपयोग होतो.

ओलाव्याचा आणि केसाचा संबंध शास्त्रज्ञांस फार पूर्वीं उमगला. जिनीव्हाचे होरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनीं १७८३ मध्यें हवेंतील ओलावा मोजण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं रचलेल्या यंत्राचें मुख्य अंग म्हणजे मनुष्याचा केस. हवा दमट झाली कीं केस किंचित् लांबतो, कोरडी झाली कीं आखडतो, आणि त्याला जोडलेला कांटा तें दाखवितो. पाण्यांत भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के पाणी शोषून घेतो. त्याची जाडी सुमारें पंधरा टक्क्यांनीं वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. मुंबईच्या पावसाळ्यांत केस फुगतात व विस्कटतात, त्याचें कारण हेंच.

पाणी आंत शिरलें कीं केस फुगतो आणि त्यावरील खवले उचलले जातात. वाळला कीं ते पुन्हां बसतात. असें वारंवार झालें म्हणजे खवल्यांच्या कडा झिजतात आणि प्रत्येक न्हाण्यागणिक केसांतील थोडें प्रथिन धुऊन जातें. ओला केस ताणलाही लवकर जातो, म्हणून ओल्या केसांतून बारीक दांत्यांची फणी ओढूं नये, हा घरांतील वडील बायकांचा दंडक अगदीं योग्य आहे. सारांश, ओलावा केसास मऊ करतो खरा, पण त्याचा अतिरेक केसास थकवितो. न्हाण्यापूर्वीं तेल लावण्याचें मर्म येथें आहे.

या जुन्या क्रमाची परीक्षा मुंबईंतच झाली. मॅरिको या मुंबईच्या कंपनींतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. तिचा वृत्तान्त २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. धडधाकट केस आणि खराब झालेले केस, या दोहोंमधून होणारा प्रथिनाचा ऱ्हास तिहींपैकीं एकट्या खोबरेलानें लक्षणीय कमी झाला, असें त्यांस आढळलें. खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा हा निष्कर्ष आहे, हें ध्यानांत ठेवणें इष्ट. तरी त्यामागील कारण समजण्यासारखें आहे. खोबरेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू लहान व सरळ असल्यामुळें तो केसाच्या आंत शिरूं शकतो. खनिज तेल वरच राहतें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील तंतुसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसह केलेल्या आणि २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तपासणींतही खोबरेल केसांत शिरल्याचें व खनिज तेल न शिरल्याचें दिसून आलें. आंत शिरलेलें तेल पाण्याची वाट अडवितें, केस कमी फुगतो आणि कमी झिजतो.

आतां उबेचें काम काय? खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सियसच्या खालीं थिजतें. जानेवारींतील पहाटे बोरिवलीच्या बाजूस बाटलींतील तेल पांढरें घट्ट झालेलें दिसतें, तें यामुळें. कोमट केलेलें तेल पातळ होऊन केसांवर सारखें पसरतें; शिवाय उबेनें कोणताही द्रव पदार्थ दुसऱ्यांत अधिक लवकर मुरतो. वरून ओला, ऊन पंचा गुंडाळला म्हणजे ही ऊब टिकते आणि केस किंचित् नरम होतो. एवढेंच काम. त्यासाठीं उकळतें पाणी किंवा भडक वाफ यांची गरज नाहीं. वाग्भटानें ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथांत मानेखालीं ऊन पाणी घेणें बलदायक, परंतु तेंच डोक्यावर घेतल्यास केसांस व डोळ्यांस अपायकारक, असें बजावून ठेविलें आहे. कोमट आणि कढत यांतील भेद आपल्या पूर्वजांनीं चांगला ओळखला होता.

आतां प्रत्यक्ष कृति. खांद्यापर्यंत केस असलेल्या स्त्रीस दोन-तीन चहाचे चमचे खोबरेल पुरे होतें. तेल थेट आंचेवर ठेवूं नये. वाटींत घेऊन ती वाटी ऊन पाण्याच्या पातेल्यांत ठेवावी. मनगटाच्या आंतल्या बाजूस थेंब लावून पाहावा. तो सुखकर वाटला म्हणजे तेल तयार झालें. केस कोरडे असतांना रुंद दांत्यांच्या फणीनें गुंता सोडवावा. तेल केसांच्या मध्यापासून टोंकापर्यंत लावावें, कारण जुना आणि झिजलेला भाग तोच. मग पंचा ऊन पाण्यांत बुडवून, हात सहज सोसेल इतका निवल्यावर, घट्ट पिळून डोक्यास गुंडाळावा. त्यावर प्लॅस्टिकची टोपी घातली तर ऊब अधिक वेळ राहते. वीस मिनिटें पुरेत. मध्यें पंचा थंड झाला तर एकदां पुन्हां भिजवावा. रात्रभर डोकें ओलें बांधून ठेवण्यानें अधिक गुण येत नाहीं. शेवटीं शिकेकाईनें किंवा सौम्य शाम्पूनें न्हावें आणि केस चोळून न पुसतां टिपून कोरडे करावे.

ज्यांस तेल रुचत नाहीं, त्यांनीं न्हाल्यावर कंडिशनर लावून तोच ऊन पंचा दहा मिनिटें गुंडाळावा. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्यावर धन भार असतो. त्यामुळें तें द्रव्य नेमक्या झिजलेल्या जागींच अधिक चिकटतें. केस त्यामुळें सुळसुळीत लागतो. पण हें लिंपण आहे, दुरुस्ती नव्हे. पुढील न्हाण्यांत तें बरेंचसें धुऊन जातें.

न्हाण्याच्या पाण्याचाही विचार करावा. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगरांत, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, विहार तलाव १८६० मध्यें आणि तुळशी तलाव १८७९ मध्यें पूर्ण झाला. पुढें तानसा, वैतरणा आणि भातसा येथून मुंबईला पाणी आलें, आणि त्यांतील बराच भाग भांडुप येथें शुद्ध होऊन नळास येतो. हें सारें पावसाचें सांठविलेलें पाणी असल्यानें मृदु असतें. परंतु अनेक गृहनिर्माण संस्थांत टँकरचें किंवा कूपनलिकेचें पाणी वापरावें लागतें, आणि तें पुष्कळदां जड असतें. जड पाण्यांतील चुना साबणाशीं मिळून चिकट सांका होतो व तो केसांवर बसून केस राठ करतो. अशा घरीं अंगाचा साबण केसांस मुळींच लावूं नये, आणि शेवटच्या तांब्याभर पाण्यासाठीं नळाचें पाणी बादलींत राखून ठेवावें. नुसत्या एवढ्यानेंही फरक पडतो.

कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें टाळाव्या. ज्यांच्या डोक्यांत कोंडा आहे, त्यांनीं टाळूवर तेल मुरत ठेवूं नये. कोंड्याशीं संबंध असलेली सूक्ष्म बुरशी तेलकट द्रव्यांवरच पोसते. टाळूवर फोड, जखम किंवा खाज असल्यास ऊन पंचा गुंडाळूं नये. ओल्या केसांवर तापलेली इस्तरी फिरविणें हें तर केसास मोठें घातक. केसांत शोषलेलें पाणी एकदम उकळतें, आंत बुडबुडे होतात आणि केस त्या जागीं तुटतो.

तापाच्या मोठ्या दुखण्यानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस मूठभर गळूं लागतात व घरांत घबराट उडते. हें गळणें मुळाशीं होतें. तेल व वाफ तेथें कांहीं करूं शकत नाहींत. बहुधा तें कांहीं महिन्यांत आपोआप थांबतें. तें लांबलें किंवा टाळूवर चकत्या दिसूं लागल्या, तर पैसे वाफेवर न घालवितां त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें.

याहून गंभीर इशारा न्हाणीघराचा आहे. केसांस वाफ मिळावी म्हणून दार-खिडकी लावून ऊन पाणी सोडून बसणें धोक्याचें आहे. विशेषतः जेथें गॅसचा गीझर न्हाणीघरांतच बसविलेला असतो. हवा कोंडली कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायु सांठतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्य ओरडण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. उपनगरांतील लहान न्हाणीघरांत अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, हवा खेळेल अशा जागीं असावा. तसेंच ऊन पाण्याचें पातेलें जमिनीवर ठेवून केस सोडून बसूं नये; घरांत रांगतें मूल असेल तर क्षणांत अनर्थ ओढवतो. सुंदर केसांहून हे दोन नियम शतपटीनें महत्त्वाचे आहेत.

एका शब्दाची कथा येथें सांगण्याजोगी आहे. शाम्पू हा शब्द आज विलायती वाटतो. तो मुळांत आपल्या चंपीचा, म्हणजे दाबणें-चोळणें या अर्थाच्या हिंदी शब्दाचा, सोयरा आहे. पाटण्याचे दीन महंमद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें वाफेचें स्नान आणि मर्दन यांचें गृह चालविलें. राजे चौथे जॉर्ज यांच्याकडूनही त्यांस मान मिळाला. तें मर्दन साऱ्या अंगाचें होतें, केस धुण्याचा अर्थ त्या शब्दास पुढें चिकटला. आपल्या घरांतून गेलेली ऊब आणि वाफ अशी परदेश हिंडून, नवें नांव व नवी किंमत घेऊन परत आली आहे.

ती घरांत पुन्हां आणण्यास फारसें कांहीं लागत नाहीं: वाटीभर ऊन पाण्यांत ठेवलेलें तेल, एक जुना पंचा आणि रविवारचा थोडा वेळ. दुसऱ्याच्या हातानें तेल लागलें तर अधिकच बरें. आठवडाभर सकाळची ८ ची गाडी धरणाऱ्या लेकीच्या केसांवरून आईचा हात फिरतो, तेवढ्या वेळांत केसाची निगा होते आणि लेकीस दोन घटका विसांवाही मिळतो. झिजलेलें टोंक कशानेंही पूर्ववत् होणार नाहीं. तें कात्रीनें उतरवावें. परंतु आज मुळाशीं जो केस वर येत आहे, त्याचें टोंक पांच वर्षांनीं कसें असेल, हें मात्र आजच्या निगेवरच अवलंबून आहे.