त्रैक्य



पेंटेकॉस्टच्या पुढच्या रविवारी वसईच्या चर्चमध्ये पवित्र त्रैक्याचा सण असतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा: तिघे वेगळे, देव मात्र एकच. बायबलमध्ये या अर्थाचा स्वतंत्र शब्द नाही. कार्थेजच्या तर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ वापरला. आपल्या ख्रिस्ती बांधवांनी त्यासाठी ‘त्रैक्य’ म्हटलं. त्रि आणि ऐक्य यांचा काटेकोर संधी केला तर ‘त्र्यैक्य’ होईल, पण जिभेला ‘त्रैक्य’च सोपं. चर्चबाहेर हा शब्द फारसा कानी पडत नाही, याची मला हळहळ वाटते.

कारण त्याचं काम दुसऱ्या शब्दाला जमत नाही. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळकाठी एकत्र कुटलेली. मित्रांचं त्रिकूट जमतं, तसंच मोडतंही. त्रिवेणी संगमाच्या पुढे नदीला एकच नाव उरतं. त्रैक्यात तिघांची बेरीज नसते आणि कुणी कुणात बुडूनही जात नाही. बर्फ, पाणी, वाफ हा दाखला पुष्कळ जण देतात. पण एकच थेंब एकाच वेळी बर्फही आणि वाफही नसतो.

मला घारापुरी आठवते. लेण्यातल्या त्या वीसेक फुटी शिल्पाला आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश शोधतो. तिथे ते तिघे नाहीत. तिन्ही मुखं शिवाचीच. समोर उभं राहिलं की डावीकडे उग्र अघोर, मधे मिटल्या डोळ्यांचा शांत तत्पुरुष, उजवीकडे कोवळा, स्त्रीरूप वामदेव. राग, शांती आणि माया एकाच खांद्यांवर! ख्रिस्ती त्रैक्य आणि हे एकच, असं मी म्हणत नाही; श्रद्धांची सरमिसळ करू नये. पण अघोराकडे पाहताना वामदेव विसरता येत नाही, एवढं मात्र तिथे कळतं.

असेच तिघे एकत्र ॐकारातही भेटतात. ज्ञानेश्वरांनी 1290 साली पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी ॐकार गणेशरूपात पाहिला: अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. आता बसल्या जागी ॐ म्हणून पाहा. तिन्ही ऐकू येतात. अकार कुठे संपला आणि उकार कुठे लागला, तिथे बोट ठेवता येत नाही.