एच्. आय्. व्ही. बाधितांचें यकृत आणि आपलें कर्तव्य



कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्यांत, पिंपरी पेंढार नांवाचें गांव आहे. या भागांतील पुष्कळ माणसें पोटासाठीं मुंबईपुण्यास येतात व सणावारास घरीं परततात. असें एखादें घर तेथील असो वा आपल्या शेजारचें, त्यांत एच्. आय्. व्ही.ची बाधा झालेला मनुष्य असेल आणि काविळीची सांथ आली, तर त्याचें रक्षण कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कावीळ हें यकृत बिघडल्याचें चिन्ह होय. यकृतास सूज आणणारे मुख्य विषाणू पांच. त्यांपैकीं 'ए' व 'ई' मलानें दूषित झालेल्या पाण्यांतून व अन्नांतून पसरतात. 'बी' व 'सी' रक्तांतून पसरतात. 'बी' शरीरसंबंधांतून व मातेकडून बालकासही होतो. 'डी' हा 'बी'च्या आश्रयानेंच राहतो. २०१२ सालीं इचलकरंजींत आलेली सांथ दूषित पाण्याची, म्हणजे 'ई'ची होती. २००९ सालीं गुजरातेंतील मोडासा येथें उठलेल्या 'बी'च्या सांथीच्या मुळाशीं पुनः पुनः वापरलेल्या सुया होत्या.

गळ्यांत माळ घालून किंवा नाकांत रस सोडून कावीळ 'उतरविण्याची' चाल आपल्याकडे आहे. 'ए' व 'ई' या काविळी बहुधा आपोआप ओसरतात आणि श्रेय माळेस मिळतें. 'बी' व 'सी' मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही शरीरांत घर करून राहूं शकतात. एच्. आय्. व्ही. बाधितांत हा संभव अधिक, व यकृताची हानीही अधिक लवकर होते.

म्हणून अशा प्रत्येकानें 'बी' व 'सी'ची रक्तपरीक्षा करून घ्यावी. २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत चांचणी व उपचार विनामूल्य मिळतात. 'बी' नसल्यास लस टोंचून घ्यावी. बाधितांत ती कधीं कमी लागू पडते. यास्तव शेवटच्या मात्रेनंतर एकदोन महिन्यांनीं रक्त तपासून, जरूर तर अधिक मात्रा घ्याव्या. 'सी'ला लस नाहीं, पण बहुतेकांस बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं तो बरा होतो.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. एच्. आय्. व्ही.साठीं मिळणाऱ्या नेहमींच्या गोळीतील तीन औषधांपैकीं दोन 'बी'सही आवरून धरतात. लग्नकार्यास गांवीं जातांना, नातलगांच्या नजरेस पडूं नयेत म्हणून कोणी गोळ्या मागें ठेवल्या, तर दबलेला 'बी' उसळून जीवावर बेतूं शकतें. ही भीति औषधानें जात नाहीं. ती घरच्यांच्या वागणुकीनें जाते. संमतीवांचून चांचणी करण्यास व कोणाची बाधा उघड करण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई केली आहे, पण घरांतील विश्वास कायद्यानें निर्माण होत नाहीं.

सांथीच्या दिवसांत सर्वांनींच पाणी उकळून प्यावें, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे, दाढीचें पातें एकमेकांचें वापरूं नये, आणि सुई आपल्यासमोर नवी फोडलेली असावी असा आग्रह धरावा. बाधिताचें ताट वेगळें मांडण्याचें मात्र कांहींच कारण नाहीं. एका पंक्तीस जेवल्यानें एच्. आय्. व्ही. पसरत नाहीं, उलट आपल्या न धुतलेल्या हातांची काविळ त्यासच होण्याचें भय अधिक. तेव्हां त्यास पंक्तीस घ्यावें, आणि वाढण्यापूर्वीं आपण हात धुवावे.